देवमाशांचा नकाशा आणि एक कोरा चौकोन

पनवेलमधून समुद्र दिसत नाही. खाडी आहे, पण ओहोटीला ती नुसता चिखल दाखवते. अशा गावात बसून नव्वदच्या दशकातली माझी बरीचशी वर्षं देवमासे कुठे असतील याचा अंदाज बांधण्यात गेली, असं सांगितलं की लग्नकार्यात भेटलेला माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे मत्स्यालयात का?"

संपादकांनी दिलेल्या पानांत नोकरीची तारीखवार हकीकत मावणार नाही आणि तिच्यात कुणाला रसही नसेल. लिहायला बसण्याआधी मी नेहमीप्रमाणे मुद्दे काढले. आमचं काम काय होतं. किनाऱ्यावर लागलेला मेलेला मासा. कोन गावचे शेठ. हिरू तांडेल. पहिले तीन चटकन लिहून होतील. चौथ्यासाठीच लिहिते आहे.

समुद्रात धक्का बांधायचा, पाइप टाकायचा, गाळ उपसायचा, तर तिथे आधीपासून काय आहे हे कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारं आमचं छोटं सर्वेक्षणाचं ऑफिस होतं. प्रधान सरांनी प्राध्यापकी सोडून ते काढलं. जुन्या पनवेलमध्ये भांड्यांच्या दुकानाच्या वर दोन खोल्या. खाली दिवसभर पातेल्यांची ठोकाठोक चाले, त्यामुळे आम्ही सगळेच जरा मोठ्याने बोलायला शिकलो.

देवमासा मोजायला जाता येत नाही. तो आयुष्यातला बहुतेक वेळ पाण्याखाली असतो, आणि आपण पोचतो तेव्हा दुसरीकडे. एखादा भाडेकरू कुठे बिऱ्हाड करील हे ओळखायचं असेल तर त्याच्या मागे हिंडण्यापेक्षा नळाला पाणी कुठे येतं, दुकान कुठे आहे, गल्ली शांत कुठे आहे, ते पाहावं. आम्ही तेच करत होतो. पाणी किती खोल, तळ कुठे एकदम उतरतो, कोणत्या महिन्यात पाणी कुठे गार होतं, देवमासे खातात त्या छोट्या तारल्यांचे थवे कुठे जमतात. प्रत्येक गोष्टीचा वेगळा ट्रेसिंग पेपर. सगळ्यांवर सारखेच चौकोन आखलेले. जे जिथे अनुकूल, तिथे पेन्सिलीने हलकी छटा भरायची. मग काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट लावून सगळे कागद एकावर एक ठेवायचे. ज्या चौकोनात सगळ्या छटा मिळून काळोख दिसेल, तिथे देवमासा असण्याचा संभव जास्त. पुढे कॉम्प्युटर आला आणि हेच काम रंगांत करू लागला, पण मला तो काचेवरचा काळोखच जास्त पटायचा.

सर्वांत वरचा कागद माणसांचा. प्रत्यक्ष कुणी, कुठे, कधी पाहिला. त्या कागदासाठी मला कोळीवाड्यांत जावं लागे.

उरणच्या बाजूला शेजारशेजारच्या दोन वाड्यांच्या बोटी एकाच धक्क्याला लागत. मासळी उतरली, लिलाव झाला की तांडेल मंडळी चहाला बसत. मी फळीच्या खोक्यावर सागरी नकाशा पसरायची आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायची. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. एका वाडीचा हिरू तांडेल, आडव्या हाडाचा, चाळिशीतला. आमच्या सर्वेक्षणाला त्याचीच बोट आम्ही भाड्याने घेत असू. शेजारच्या वाडीचा गोविंद तांडेल उंच, शिडशिडीत, कायम नाराज. दोघांच्या बापांपासून दोघांत वितुष्ट होतं. कशावरून, ते कुणालाच नीट सांगता येत नसे.

"देवमासा कुठे दिसतो?" मी विचारलं.

"आवो बाय, नुस्ता दिसतंय?" हिरू म्हणाला. "बोटीच्या बाजूला येतंय नी श्वास सोडतंय. असा कुजका वास, गोविंदच्या तोंडाचा येतंय ना, तसा."

"तुज्या तोंडाचा वास घेऊनच तो परत बुडी मारतो," गोविंद चहाच्या कपातूनच म्हणाला.

सगळे खदखदले. मग बोटं नकाशावर धावू लागली. इकडे दिवाळीनंतर, तिकडे होळीच्या आधी, इथे पिल्लू होतं बरोबर. देवमासा दिसला की हात जोडायचे, इंजिन हळू करायचं आणि बोट बाजूने काढायची, ही त्यांची रीत. त्याच्याबद्दल दोन्ही वाड्या एकमेकांच्या गोष्टी पुऱ्या करत होत्या. मी भराभर खुणा करत गेले.

कागद भरत आल्यावर मी सहज विचारलं, "आणि तुम्ही मासे कुठे धरता?"

सगळी बोटं नकाशावरून उचलली गेली.

"दर्यात," हिरू म्हणाला.

ती रीत मला पुढे कळली. खोल पाण्यात बुडालेले खडक असतात, तिथे घोळ, कोत अशी मोठी किमतीची मासळी गळाला लागते. अशी जागा एकेका घराची असते. पाण्यावर तिची खूण नसते. जमिनीवरच्या दोन लांबच्या गोष्टी एका रेषेत आणायच्या, दुसऱ्या दिशेला आणखी दोन, आणि दोन्ही रेषा जुळल्या की खाली खडक. बाप समुद्रावर जायचा थांबतो किंवा शेवटच्या दुखण्यात पडतो तेव्हा मुलाला त्या खुणा सांगतो. बायकोला नाही, भावालाही बहुधा नाही. जागेवर असताना दुसरी बोट दिसली तर गळ वर ओढून सरळ चालायला लागायचं, जणू आपण नुसते वाटेवर होतो. देवमासा कुणाच्या मालकीचा नव्हता, म्हणून त्याच्याबद्दल बोलता येत होतं.

आता मेलेला मासा. अलिबागकडच्या एका पुळणीवर देवमासा लागल्याचा निरोप आला आणि आम्ही हिरूच्या बोटीने गेलो. पोचेपर्यंत जत्रा भरली होती. कुणी कुंकू वाहिलं होतं, नारळ फुटले होते, मुलं शेपटीवर चढून फोटोला उभी होती, आणि वास असा की माझा टेप धरायला कुणी तयार होईना. हिरूने धरला. एक सरकारी साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले, "मॅडम, इथे देवमासे असतात अशी नोंद करून टाका."

मी म्हटलं, "साहेब, स्मशानात प्रेत मिळालं म्हणजे माणूस तिथे राहत होता असं नाही."

साहेबांना ते आवडलं नाही. पण खरं तेच आहे. मेलेला मासा प्रवाहाबरोबर कुठूनही येतो. नकाशात त्याचा उपयोग नाही. उपयोग दुसऱ्याच गोष्टीचा होता. पाठीवर ओळीने सरळ, खोल काप होते, सुरीने पाव कापावा तसे. जहाजाचा पंखा. मादी होती, आणि तिच्या पोटाखालून दूध झिरपत होतं. म्हणजे कुठेतरी पिल्लू होतं.

हिरू टेप गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "ती जागेवर होती. जहाज तिच्या जागेवर आला."

परतताना सुकाणूवरून तो एकदाच म्हणाला, "तुमी तो कागद नीट काडा, बाय."

आम्ही नीटच काढत होतो. त्या दिवसानंतर आणखी नीट.

कोन गावच्या शेठची गोष्ट थोडक्यात सांगते, नाहीतर हा लेख नुसता सुतकी होईल. जमीन विकून नवा पैसा आला होता, बोटी घेऊन पर्यटकांना देवमासे दाखवायचा बेत होता. ऑफिसात आले, खुर्चीत मावेनात.

"मॅडम, तुमच्याकडे नकाशा आहे ऐकलं. रविवारी कुठे दिसेल?"

"संभव सांगता येतो, रविवार नाही."

"साठ माणसं तिकीट काढून येणार. त्यांना संभव दाखवू?"

"समुद्र दाखवा."

"समुद्र ते फुकट बघतात," शेठ म्हणाले आणि उठले. जाताना दाराशी वळून म्हणाले, "एखादा पाळीव मिळत नाही का हो?" प्रधान सर त्यानंतर आठवडाभर मला हाच प्रश्न विचारत होते.

आता हिरू तांडेल.

एका कंपनीच्या जेटीसाठी समुद्राचा तळ उपसायचं काम निघालं. उपसलेला गाळ बार्जमध्ये, म्हणजे सपाट मालवाहू बोटीत, भरून बाहेर समुद्रात नेऊन ओतायचा. तो कुठे ओतायचा याची एक जागा कंपनीने सुचवली होती. आमचे कागद काचेवर ठेवले तेव्हा ती जागा नेमकी सर्वांत काळ्या चौकोनांना लागून निघाली. तिथे बार्जची ये-जा सुरू झाली असती आणि पाणी गढूळ झालं असतं. तारल्या गेल्या असत्या, आणि त्यांच्यामागून देवमासे जहाजांच्या वाटेवर. प्रधान सरांनी अहवालात ठणकावून लिहिलं. आणि ज्याचा अनुभव आम्हाला फार नव्हता तसं झालं: कंपनीने ऐकलं. त्यांनी विचारलं, मग कुठे?

नकाशाच्या वरच्या अंगाला काही चौकोन पूर्ण कोरे होते. खोली पुरेशी, देवमाशांचा संभव नाही, मासेमारीची नोंद नाही. कोरा म्हणजे काही नाही असं नव्हे, कोरा म्हणजे आम्हाला कुणी काही सांगितलेलं नाही, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. म्हणून मी नकाशाखाली तशी टीप घालायला लावली होती, ठळक अक्षरांत. टीप वाचली गेली आणि तिच्यामुळेच गावकऱ्यांची सभा बोलावली गेली.

सभा शाळेच्या वर्गात. तांडेल मंडळी मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. एका खिडकीशी हिरू, दुसऱ्या खिडकीशी गोविंद. सभा घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने फळ्यावर नकाशा टांगला, तो कोरा भाग पट्टीने दाखवला आणि विचारलं, "या जागेत कुणाची मासेमारी चालते का? असेल तर आत्ता सांगा. गाळ एकदा पडला की काढता येत नाही."

कुणी बोललं नाही. मी पुढे होऊन साध्या भाषेत परत सांगितलं. "दादांनो, इथे खडक असेल तर तो गाडला जाईल. नुसतं 'आहे' म्हणा. खुणा नंतर सांगा."

हिरूने गोविंदकडे पाहिलं. गोविंद फळ्याकडे पाहत होता. मागून एक म्हातारा खोकला आणि सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं, पण त्याला नुसताच खोकला आला होता. अधिकाऱ्याने हरकत नाही असं लिहून घेतलं.

चार-सहा दिवसांनी हिरू पनवेलला आमच्या ऑफिसात आला. हातात केळीच्या पानात बांधलेली मोठी घोळ. खाली पातेली ठोकत होते. जिन्यातच थांबून म्हणाला, "बाय, एक काम हाय. तो गालाचा चौकोन हाय ना, तो जरा खाली सरकवा."

"गाळाचा? का?"

"असाच."

"असाच कसा सरकवू, हिरूदादा? तुमचा खडक आहे का तिथे?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग माशाकडे. तेवढं उत्तर मला पुरे होतं, पण नकाशाला पुरत नव्हतं.

मी त्याला आत नेलं. प्रधान सरांनी त्याला स्वतःच्या खुर्चीशेजारी बसवलं आणि नीट समजावलं: जागेच्या खुणा सांगा, हरकत लिहून द्या, अंगठा नाही, सही करा, आम्ही स्वतः घेऊन जातो. अजून वेळ आहे.

"लिवल्यावर कागद कुठं जातंय?"

"अलिबागला."

"अलिबागच्या हापिसात गोविंदचा भाचा हाय," हिरू म्हणाला. "मी सही करीन नी दुसऱ्या दिवशी गोविंद माज्या खडकावर बसंल."

"आणि गाळ पडला तर?" मी विचारलं. "मग गोविंदही नाही आणि तुम्हीही नाही."

"दर्या मोठा हाय, बाय. गाल वाहून जाईल. गोविंद नाय वाहून जाणार."

सर म्हणाले, "हिरू, विचार करा. पोरांचं काय?"

"पोरांसाठीच नाय सांगत." तो उठला. "माज्या बाने मरताना सांगितला, तो पन कानात. घरात दुसरा कुनी नव्हता तरी कानात. मी तुमाला इथं खुर्चीवर बसून कसा सांगू?"

घोळ तो टेबलावर ठेवून गेला. मी पैसे द्यायला मागे धावले तर त्याने जिन्यातून हात हलवला. कारणाशिवाय आम्ही काही सरकवू शकत नव्हतो. "त्याला वाटतं" हे नकाशावर काढायचं चिन्ह आमच्याकडे नव्हतं. तरी सरांनी अलिबागच्या ऑफिसात फोन करून पाहिला. पलीकडून विचारलं, कुणाची हरकत आहे? नाव सांगा, जागा सांगा. सरांनी फोन ठेवला.

बार्ज सुरू झाले.

त्याच हिवाळ्यात आम्ही अंदाज पडताळायला बाहेर गेलो. बोट हिरूचीच. काळ्या चौकोनात पोचून इंजिन बंद केलं. पाणी तेलासारखं शांत. आणि तो आला. आधी फुसकन आवाज, मग काळी पाठ, संपता संपत नाही अशी, मग तो लहानसा वळलेला पाठीवरचा पर. त्याच्यामागे दुसरा. सर लहान मुलासारखे ओरडले आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. नकाशाने म्हटलं होतं इथे, आणि ते इथे होते. इतकी वर्षं काचेवर पेन्सिल चालवल्याचं असं उत्तर किती जणांना मिळतं? मला मिळालं. हिरूने हात जोडले, इंजिन हळू चालू केलं आणि रीतीप्रमाणे बोट बाजूने काढली.

परतीची वाट त्याने नेहमीची घेतली नाही. हळूहळू पाण्याचा रंग बदलत गेला. हिरव्याचा मातकट, मातकटाचा चहासारखा. दूर एक बार्ज मोकळा होऊन वर उचलला जात होता. हिरूने डोकं वर करून एकदा किनाऱ्याकडे पाहिलं, डावीकडे, मग उजवीकडे, आणि इंजिन थांबवलं. मला कळलं, आपण जागेवर आहोत.

त्याने गळ सोडला. दोरी पूर्वी जायची तिथपर्यंत गेली नाही. त्याने ती वर ओढली. शिसं, गळ, वरची चार हात दोरी, सगळं राखाडी चिखलाने माखलेलं. तो चिखल त्याने अंगठ्याने निपटून काढला, अंगठा पाण्यात बुडवून धुतला, आणि आम्ही घरी आलो. सरांनी आणलेले पेढे डब्यातच राहिले. सरांनी ते हिरूसमोर उघडले नाहीत.

त्यानंतर त्याने आम्हाला बोट दिली नाही. रागाने नाही. बोट विकली होती. नेरे गावात डोंगराखाली एका फार्महाउसवाल्याने शोभेसाठी घेतली, हिरवळीवर ठेवायला. इंजिन काढून, रंग देऊन. मी ती पाहिली आहे. नाळ, म्हणजे पुढचं टोक, डोंगराकडे करून उभी आहे. हिरू बर्फाच्या टेम्पोवर जाऊ लागला.

शेवटची भेट पनवेलच्या मासळी बाजारात झाली, जेटी पुरी होऊन गेल्यावर. मी बोंबील घेत होते. हिरू टेम्पोतून बर्फाच्या लाद्या उतरवत होता. पलीकडच्या ओट्यावर गोविंद आपल्या सुनेच्या टोपल्याशी बसलेला. टोपल्यातला माल बाहेरगावचा होता, ते रंगावरून दिसत होतं. त्याची बोटही धक्क्यालाच बांधून असते असं ऐकलं होतं.

"काय बाय, देवमासे बरे हायत ना?" हिरूने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता.

"बरे आहेत."

"तुमचा कागद बराबर होता." लादी खाली ठेवून त्याने पंच्याने हात पुसले. मग एकदम, भर बाजारात, दोन्ही वाड्यांच्या कोळणी बसलेल्या असताना, मोठ्याने म्हणाला, "आता माजा पन लिवा. कर्नाल्याचा सुलका हाय ना, तो द्रोणागिरीच्या डाव्या खांद्यावर बसवायचा. नी खालच्या अंगाला खांदेरीचा दिवा बाजूच्या बेटाच्या टोकाला लावायचा. तिथं माजा खडक. लिवा."

कुणीतरी हसलं. कोयत्याखाली मासा तसाच ठेवून एक कोळीण त्याच्याकडे पाहत राहिली. जे त्याचा बाप रिकाम्या घरातसुद्धा कानात सांगत होता, ते तो बर्फवाल्याच्या आवाजात ओरडून सांगत होता, कारण आता ते कुणी चोरू शकत नव्हतं.

माझ्याकडे लिहायला काही नव्हतं आणि नकाशा केव्हाच छापून झाला होता. पण सवय जात नाही. मनातल्या मनात मी त्या दोन रेषा चौकोनांवर टाकून पाहिल्या. कोऱ्या भागाच्या वरच्या काठाला जाऊन मिळत होत्या.

गोविंद ओट्यावरून उठला होता. टोपल्याला वळसा घालून आमच्यापाशी येऊन उभा राहिला.

"डाव्या?" त्याने हिरूला विचारलं.

"डाव्या."

"माज्या बाने मना उजव्या खांद्यावर सांगितला," गोविंद म्हणाला. "सुलका तोच. दिवा तोच."

आता गोविंदची रेषा मी टाकायची गरज नव्हती, तरी टाकली. त्याच कोऱ्या भागाचा खालचा काठ. मधे जे काही होतं ते सलग होतं. एकच लांब खडक, दोन टोकांना दोन घरं, आणि दुसऱ्याची बोट दिसली की दोघेही गळ वर घेऊन निघून जायचे.

बर्फ वितळून पायांखाली पाणी येत होतं. कुणी बाजूला सरकलं नाही.

"मंग शालेतल्या सभेत तू गप का बसलास?" गोविंदने विचारलं.

"तू बसला होतास म्हनून," हिरू म्हणाला. "नी तू?"

गोविंदने वाकून लादीचं एक टोक धरलं, हिरूने दुसरं उचललं, आणि दोघं ती बाजाराच्या आत घेऊन गेले.